घोडी डावीकडे वळली

घोड्यांवरून फिरायला जायचं म्हणताय, तर आधी माझं ऐका. अनेर धरणाच्या काठी तंबू ठोकून दोन दिवस राहायचा बेत मी आणि वैशालीने केला होता. घोडी सासऱ्यांची, म्हणजे आबांची. अमळनेरजवळच्या त्यांच्या गावातली. सरावासाठी त्यांनी मला तिच्यावर बसवलं आणि बापलेक मागून चालू लागले.

चौकात आबा एकदम ओरडले, "जावईबापू, उजवीकडे घ्या! उजवीकडे!"

मी लगाम ओढला, पण घोडी डावीकडच्या गल्लीत शिरली आणि एका दाराशी जाऊन थांबली. टाच मारली तरी हलेना.

ते वैशालीच्या काकांचं घर होतं. वाटणीवरून भांडण झाल्यापासून आबांनी घरात सगळ्यांना शपथ घातली होती, त्या दारात पाऊल टाकायचं नाही. आमच्या लग्नालाही काकांना बोलावणं नव्हतं.

आतून काकू गुळाचा खडा घेऊन आल्या. घोडीला भरवत म्हणाल्या, "आबा, उनात का? या ना, चहा ठेवेल शे."

मग त्यांनी वर पाहिलं, तर मी! सासऱ्याचं गुपित घोडीवर बसून उघडं पाडणारा जावई. मला उतरताही येईना.

मागून वैशालीने विचारलं, "आबा, तुम्ही येता इथे?"

एवढा करारी माणूस, पण मान खाली घालून पुटपुटला, "शपथ मीच घातली ना बेटा. मग बठ्ठ्यांसमोर, सगळ्या घरासमोर मोडू कशी?"

दाराबाहेर चपला काढून वैशाली सरळ आत गेली. आम्हा दोघांना मात्र उंबरा ओलांडायला बराच वेळ लागला.