नाल्यावरची दारं

कार्यालयाच्या रांगेत माझ्यापुढे दोघी जावा उभ्या होत्या.

"जाऊबाई, आपला पुलाचा अर्ज का फेटाळला?"

"पूल आहे म्हणून."

"अहो, तो आपण घरोघरची दारं काढून नाल्यावर टाकलाय. माझ्या मोरीला अजून पडदाच आहे."

"साहेब पाहणीला त्याच्यावरूनच आले. मधोमध उभे राहिले आणि लिहिलं, पूल सुस्थितीत."

"कपाळ माझं. मग आज परत कशाला आलोय?"

"दवाखान्याच्या अर्जाला. पाहणी होईल तेव्हा सुईणमावशीनं घराबाहेर पडायचं नाही, सांगून ठेवलंय."

"आणि पूल?"

"आदल्या दिवशी काढायचा. जिचं दार तिनं घरी न्यायचं."

"मग साहेब येणार कुठून?"

"आपण इतकी वर्षं यायचो तिथूनच. नाल्यातून."