पाटावर ठेवलेला चाकू

दिवा लागला, पेटी जुळली, तुम्हीही मांडी घालून बसलात. आता देवानेही तुमच्यात येऊन बसावं, एवढं मागते आणि सुरुवात करते.

मंडळी, आज एकच प्रश्न. साधा आहे, पण घरी गेल्यावर टोचेल. आपल्या माणसावर माया करायची म्हणजे काय करायचं? त्याला लागू नये म्हणून धार लपवायची — की धार त्याच्यापुढे ठेवायची?

लपवायची, असं पुढच्या बायका मनात म्हणाल्या. ऐकू आलं मला. दोन लेकरांच्या बापाला अजून संत्रं सोलून देणारी आई इथे कोण बसलीय? नको, हात वर करू नका. सुनाही इथेच बसल्यात.

तर ऐका.

समुद्रकाठी वेळवण नावाचं गाव. तिथे विश्राम गुरव आणि त्याची बायको सगुणा. रामेश्वराच्या देवळात रोज दुपारी नैवेद्य व्हायचा, आणि त्या नैवेद्याचं केळीचं पान विश्राम आपल्या परसातून कापून न्यायचा. हा त्याचा नेम, बापाकडून आलेला. पान कसं हवं? अखंड. फाटलेलं पान देवापुढे मांडत नाहीत.

म्हणून त्याच्या कमरेला मिटायचा चाकू कायम. कुणाची सुतळी, कुणाचा नारळ, कुणाचा आंबा — "विश्राम, चाकू काढ रे." तो काढायचा. पण कुणाच्या हातात द्यायचा नाही हं. जमिनीवर ठेवायचा, हवा त्याने उचलायचा. आपल्याकडे रीतच आहे ना, धारेची वस्तू हातोहात दिली की भांडण होतं. तुमची आजी सांगायची, माझीही सांगायची. का, ते तिने सांगितलं नाही. आपणही विचारलं नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एके वर्षी शिमग्याच्या सुमाराला विश्रामला झटका आला. उजवं अंग गेलं. पाय ओढत का होईना, तो चालू लागला. उजवा हात मात्र परत आला नाही. जुना चाकू उघडायला दोन हात लागायचे. एकदा त्याने तो दातांत धरून पातं ओढलं. सगुणाने ते पाहिलं — आणि चाकू तांदळाच्या डब्याच्या तळाशी गेला.

मग पान कोण कापणार? सगुणा. रोज तीच कापायची, तीच न्यायची. परत आली की तो विचारायचा,

"पान गेलं?"

"गेलं हो. चांगलं रुंद होतं."

"बरं झालं." आणि भिंतीकडे तोंड करून निजायचा. एक दिवस निजल्यानिजल्याच म्हणाला, "तू नेलंस तो तुझा नेम, सगुणे. माझा राहिलाच."

मंडळी, माणूस भाकरीवाचून काही दिवस काढतो. पण माझ्यावाचून कुणाचं काही अडत नाही, हे कळल्यावर तो किती दिवस काढणार?

सगुणाने मनावर घेतलं. आठवड्याच्या बाजारात चाकूवाला बसायचा, इनूस नावाचा. त्याच्यापुढे जाऊन बसली. "एका हाताने उघडेल असा चाकू दाखव बाबा."

त्याने गोणपाटावर चाकू मांडले. ती एकेकावर अंगठा फिरवायची आणि म्हणायची, "अगंबाई, हा कापतो."

"चाकू आहे आजी. कापणारच."

"कमी कापणारा नाही का?"

आता हसताय. पण खरं सांगा, तुम्ही दुसरं काय मागितलं असतंत? तिने सगळ्यांत बोथट चाकू निवडला. टोक गोल, मूठ गुळगुळीत चकचकीत. उजव्या हाताने उघडून पाहिला, उघडला. झालं. घरी आली, पातं स्वतः उघडलं, मूठ त्याच्या डाव्या हातात दिली — आणि आपला हात काही काढला नाही. तशीच हाताला धरून केळीपाशी नेलं. "सांभाळून हं. हळू. असा नको, असा."

बोथट पातं. एका फटक्यात देठ सुटेना. त्याने जोर केला, मूठ घसरली, आणि पान मधोमध टर्रकन फाटलं.

"हात सोड माझा," विश्राम म्हणाला.

"मी धरलं नसतं तर बोट गेलं असतं तुमचं."

"गेलं असतं तर माझं गेलं असतं." त्याने चाकू तिच्या हातात ठेवला. "हा तुझ्या भीतीच्या मापाचा आहे. मला नको. रामेश्वराला सांग, विश्रामचा नेम संपला."

शेजारीण कुंपणावरून बघत होती. ती म्हणालीच, "हातोहात दिलास ना? मग भांडण होणारच."

त्या दिवशी सगुणा देवळात गेली. रडली. देव काही बोलला का? देव कधी बोलतो? पण रडता रडता तिने उजव्या हाताने डोळे पुसले, आणि त्या हाताकडे बघतच राहिली. चाकू तपासला कोणत्या हाताने? याच. वापरायचा कोणत्या हाताने? त्याच्या डाव्या!

मग तिने एक व्रत धरलं. कुठल्या पोथीत नाही ते. उजवा हात पदरात गुंडाळला आणि एक दिवस डाव्या हाताने काढायचा ठरवला. वेणी घालता येईना. चूल पेटेना. तुळशीला पाणी घालायला गेली आणि अडली — डाव्या हाताने देवाला पाणी? घातलं. घालताना तांब्या कलला, अर्धं पाणी पायावर सांडलं. तेव्हा तिला कळलं, हा माणूस रोज कशातून जातोय.

पुढच्या बाजाराला ती तशीच गेली, हात पदरात गुंडाळून. इनूस म्हणाला, "आजी, हाताला काय झालं?"

"माझ्या नाही, आमच्या ह्यांच्या. आता दाखव. आणि उघडून देऊ नकोस, माझं मी बघते."

एकाला पात्यावर अंगठ्याने ढकलायचं बोंड होतं, पण एकाच बाजूला. डावा अंगठा पोचेना. एक उघडला, पण खटका नव्हता. जोर दिला की पातं बोटांवर मिटायचं. एकाची मूठ पुन्हा तीच, चकचकीत. माणसं जमली. कोणी म्हणालं, "म्हातारी दरोडा घालणार दिसते." ती म्हणाली, "घालणार आहे. तुझ्याच घरी येते आधी."

शेवटी एक मिळाला. लाकडी मूठ, हातात घट्ट बसणारी. बोंड दोन्ही बाजूंना. पातं उघडलं की खट्कन बसायचं, पाठीवरचा खटका दाबल्याशिवाय मिटायचं नाही. शेजारच्या भाजीखाली केळीचं पान होतं, त्याच्यावर चालवून पाहिला. दोरा ओढावा तसा गेला. तिने चटकन बोटं मागे घेतली.

"दगडावर घासून धार जरा कमी करू का?" इनूसने विचारलं.

"नको," सगुणा म्हणाली. "राहू दे तशीच."

*देणारा तो आधी सोडी आपुला हात,*
*मग घेणाऱ्याची सत्ता उरे त्यात.*

पेटी जरा हळू, वामनराव. इथून पुढे आवाज नको.

घरी आली. विश्रामसमोर पाट मांडला. पाटावर चाकू ठेवला — मिटलेला. आणि स्वतः दूर जाऊन, दोन्ही हात मांडीखाली घालून बसली. का मांडीखाली? मोकळे असते तर धावले असते.

त्याने चाकूकडे पाहिलं. मग वाकला. तोल गेला, सावरला. ती हलली नाही. त्याने उचलला, अंगठ्याने बोंड ढकललं. खट्. मिटताना मांडीला टेकवून मिटला. पुन्हा उघडला. लहान मुलासारखा.

मग परसात गेला. एकटा. सगुणा चुलीपाशी, कान परसात. सप् — एकच आवाज. पुढे काहीच नाही. तिने डोळे मिटले.

तो आला तेव्हा खांद्यावर पान होतं. रुंद, अखंड. आणि अंगठ्यावर रक्ताचा थेंब. तिने पाहिला. बोलली नाही, मंडळी. तोच जवळ आला, अंगठा पुढे केला आणि म्हणाला, "हळद दे की जरा."

मागितली त्याने. मग दिली तिने.

त्या दुपारी रामेश्वरापुढचं पान डाव्या हाताने कापलेलं होतं. देवाने हात विचारला नाही.

आता कळलं, तुमची-माझी आजी धारेची वस्तू खाली ठेवायला का सांगायची? मला आपलं असं वाटतं. खाली ठेवली की क्षणभर ती वस्तू कुणाचीच नसते. देणाऱ्याने सोडलेली, घेणाऱ्याने अजून न उचललेली. तेवढ्या वेळात ती देवाची. आपण मात्र देतो आणि धरून बसतो. भांडण होतं ते त्यावरून.

तुमच्या घरी काय धरून बसला आहात, ते तुम्हाला ठाऊक. सासऱ्यांची काठी, लेकीची सायकल, सुनेची चूल. मी विचारत नाही.

फक्त आज प्रसाद कुणाच्या हातावर देणार नाही. इथे पाटावर ठेवते. ज्याने त्याने येऊन उचलावा. कोणी म्हातारं माणूस वाकताना दिसलं, तर धावू नका. जवळ थांबा, हात तयार ठेवा. त्यांनी मागितला, तर द्या.