पायांवरचे ठिपके

त्या ट्रंकेला हात लावू नकोस, नंदू. मी येणार नाही म्हटलं ना? घाटकोपरहून तणतणत आलास, आता बैस, चहा घे. गाल सुजलाय ते ठाऊक आहे मला – घरात आरसा आहे – आणि ह्याहून वाईट बघितलंय मी. गेल्या वर्षी ह्यांनी पेटता स्टोव्ह लाथाडला होता. का? भात गिच्च झाला म्हणून. पातेलं माझ्या पाठीवर – जाऊ दे. हे असे नव्हते रे. लग्नात तूच म्हणालास ना, ताई, भावोजी किती हळू बोलतात? मग ते रक्ताचं निघालं – हिरड्यांतून रक्त, नाकातून रक्त, नुसते दाराला खेटले तरी दंड काळानिळा. रक्त थांबवणारे कणच अंगात टिकत नाहीत, डॉक्टर म्हणाले, आणि कॉर्टिझोनच्या गोळ्या सुरू केल्या. माणूस वाचला – पण तोंड भोपळ्यासारखं सुजलं, झोप उडाली, आणि हा राग. इतकी वर्षं.

गोळ्या बंद का नाही केल्या? केल्या की. ह्यांनीच केल्या – माझं मनगट मोडलं त्या दिवशी ढसाढसा रडले आणि बाटली गटारात फेकली. दोन-तीन दिवसांत मोरीत कोसळले, उलट्या, अंग थंडगार. डॉक्टर म्हणाले, श्यामकांत, शरीराला सवय लागलीय, एकदम सोडाल तर मराल, पायरी पायरीने उतरायचं. तेव्हापासून चतकोर चतकोर कमी करतोय. आणि फरक पडतोय रे. परवा भात करपला तर मुकाट्याने जेवले, वर ताक मागितलं.

गाल? तो कालचा. हो, कालच. भिंतीवर मूठ मारणार होते – भिंतीवर मारली की हात आतून रक्ताने भरतो, कोपरापर्यंत काळा पडतो – म्हणून मी मधे उभी राहते. भिंतीपेक्षा मी मऊ ना.

उठू नकोस. त्यांच्या अंगाला हात लावायचा नाही, ऐकतोयस? तुझी एक कानशिलात बसली तर माणूस जाईल. आत्ता तर नक्कीच –

आत्ता म्हणजे काही नाही. पायांवर ठिपके आलेत. लाल, टाचणीने टोचल्यासारखे. डॉक्टरांनी बजावलंय, ठिपके दिसले की त्याच दिवशी कळवा, गोळ्या परत वाढवू. वाढवू – म्हणजे परत स्टोव्ह, परत पातेलं. ह्यांना वाटतंय डास चावले. मीच म्हटलं, डास. आणि डॉक्टरांनी मला विचारलं, पायांवर काही दिसतंय का, तर मी म्हटलं, काही नाही.

असा बघू नकोस माझ्याकडे. सकाळी उठले की आधी त्यांचा अभ्रा बघते, रक्त आहे का. नसलं की हायसं वाटतं – आणि कधी कधी – नाही. चहा गार झाला तुझा.

फाटक वाजलं. आलेच ते. चेहरा सरळ कर. आणि दवाखान्यावरून जाऊ नकोस, मागच्या गल्लीने जा. नंदू, माझी शपथ – आलात? हा निघालाच होता.