शेवटची पाटी

शनिवारी कॉलेजचा फुटबॉल संघ सलग चौथा सामना हरला आणि सोमवारी सकाळीच व्हर्नाबाई हार्डवेअरच्या दुकानात रांगेला लागल्या. हातात ‘घर विकणे आहे’ची पाटी, मुख्य कोचच्या अंगणात रोवायला, म्हणजे ‘आता गाव सोडा’ हे त्याला कळेल. दुकानातली ती शेवटचीच होती. मागे एक जोडपं हुज्जत घालत होतं.

“त्या दुसऱ्या गावच्या कॉलेजने आपणहून बोलावलंय, ग्रेडी. मुख्य कोच म्हणून!”

“आणि हरलो की लोक अंगणात पाट्या रोवणार. इथे अकरा वर्षांत माझ्या दारात एक तरी आली?”

“कशी येईल? तू सहायक. तू आहेस हे कुणाला ठाऊक तरी आहे का?”

“शेली, अख्खं गाव ओळखतं मला.”

“हो का? मावशी, याला ओळखलंत?”

व्हर्नाबाईंनी चष्मा सावरला. चाळीस वर्षांत त्यांनी गावातला एकही सामना चुकवला नव्हता.

“न ओळखायला काय झालं? गॅसचा मीटर बघायला येतात ना हे?”

“मावशी, आपल्या संघाचा बचाव हा शिकवतो.”

“अगंबाई! तेवढाच तर बरा खेळतात मेले. मला वाटायचं, तोही मुख्य कोचच शिकवतो.”

“शेली, हसू नकोस.”

“मी कुठे हसतेय?”

ग्रेडी व्हर्नाबाईंकडे वळला. “मावशी, ती पाटी मला द्याल?”

“वा रे वा! दुकान उघडायच्या आधीपासून उभी आहे मी. तुम्हाला कशाला हवी?”

“आम्हाला घर खरंच विकायचंय.”