कवळीची राखण

डोळ्यांच्या दवाखान्यात बाकावर बसलेल्या आजींच्या डोळ्यांत थेंब घातले होते. सगळं धूसर दिसत होतं, पण कान शाबूत होते. शेजारी बोलणारी माणसं अनोळखी होती.

“ताई, पाच मिनिटं पिशवी सांभाळाल? आईची दुरुस्त केलेली कवळी आहे. हरवली तर दातांवाचून मला कच्चा खाईल ती.”

“जा खुशाल,” आजींच्या शेजारची बाई त्याला म्हणाली.

तो गेला.

“भाऊ, तुम्हीच बघा हो पिशवीकडे. थेंबांमुळे मला काही दिसत नाही,” बाई पलीकडच्या माणसाला म्हणाली.

“मलाही घातलेत! मग हो कशाला म्हणालात?”

“इतक्या विश्वासानं म्हणाला, नाही कसं म्हणू? धरा हा बंद.”

आजींनीही न विचारता पिशवीवर हात ठेवला. इतक्यात हिसका बसला.

“चोर! सोड मेल्या!” आजी ओरडल्या.

“अहो, मीच तो! पिशवी माझी आहे!”

“चोर काय वेगळं सांगणार?”

“ताई, आवाज तरी ओळखा!”

“तीन वाक्यं बोललात. काय लक्षात राहणार?”

“हात घालून बघा, कवळी आहे!”

आजींनी हात घातला. “आई गं, चावली! द्या हो, याचीच आहे.”

“म्हणजे तिघांनाही दिसत नाही?”

“काडीचं नाही.”

तेवढ्यात आतून त्याला हाक आली.

“पिशवी ठेवून जाऊ?”

“जा खुशाल,” तिघंही म्हणाले.