लिहिणाऱ्याने दाबायचं नाही

(सकाळ. जेवणाच्या टेबलावर उघडा लॅपटॉप. निवृत्त गॅरेज-फोरमन आणि बँकेत नोकरी करणारी त्याची बायको.)

बायको : मजकूर मी लिहिलाय. बटण तुम्ही दाबा.

फोरमन : एवढा सगळा राजीनामा टाइप केलास, आणि एका बटणासाठी मी कशाला?

बायको : आमच्या मशीनवर तशी पद्धत आहे. लिहिणाऱ्याने दाबायचं नाही.

फोरमन : हे तुझं मशीन नाही, जेवणाचं टेबल आहे.

बायको : इतक्या वर्षांची सवय. महत्त्वाचं काही लिहिलं की बोट आपोआप मागे येतं.

फोरमन : बरं, सरक. पडत्या फळाची आज्ञा. मलाच तर हवं होतं हे. मी इथे भिंतींशी गप्पा मारत बसायचं आणि तू तिकडे त्या धुडाची राखण करायची, असं किती दिवस चालणार?

बायको : धूड.

फोरमन : अगं, प्रेमाने म्हणतो.

बायको : काल भाच्याकडे जेवताना म्हणालात, तेही प्रेमानेच?

फोरमन : काय म्हणालो मी?

बायको : 'हिच्या बँकेत सगळ्या शाखांचा हिशेब ठेवणारं, हॉलभर पसरलेलं एक पुराणकाळचं कॉम्प्युटर मशीन आहे. चकत्या गरागरा फिरतात आणि ही फडक्याने धूळ पुसते. आता भंगारात आधी कोण जातंय, ते की ही, तेवढं बघायचं.'

फोरमन : सगळे हसले की. तूसुद्धा हसलीस.

बायको : मग काय भरल्या ताटावर रडू? मला वाईट वाटलं. काल ऑफिसात नव्या साहेबाने म्हटलं तेव्हा एवढं नाही वाटलं. 'मॅडम, हे जुनं मशीन आज ना उद्या जाणारच, तुम्ही आत्ताच मानाने मोकळ्या व्हा, उद्या दुपारपर्यंत कळवा.' त्याला येऊन चार दिवस झालेत, त्याला काय माहीत असणार. तुमच्याबरोबर मी अख्खा संसार केलाय.

फोरमन : संसार केलास, पण तिथे काय चालतं ते कधी सांगितलंस? 'कसा गेला दिवस' विचारलं, की 'काही नाही, ठीक.' रोज तेच.

बायको : 'काही नाही' ही आमच्याकडची सगळ्यात चांगली बातमी असते.

फोरमन : ते मला कसं कळणार? मी आपलं कधीतरी टीव्हीवर पाहिलेलं सांगतो. भलीमोठी कपाटं, दिवे लुकलुकतायत, पांढरे कोट घातलेली माणसं.

बायको : आणि चकत्या.

फोरमन : नसतात चकत्या?

बायको : मी लागले तेव्हा होत्या. आता एक काळं कपाट आहे. आपल्या फ्रीजहून जरा उंच. आणि तुमच्या गाडीपेक्षा नवं आहे म्हटलं.

फोरमन : मग साहेब जुनं कशाला म्हणतो?

बायको : आत जे काम चालतं ना, त्यातलं काही आमच्या आधीच्या लोकांनी लिहून ठेवलेलं आहे. ते बरोबर चालतं म्हणून कोणी हलवत नाही. तुमचा तो मोठा पाना किती जुना आहे?

फोरमन : तो उस्तादांचा. तसं लोखंड आता मिळत नाही.

बायको : त्याला कोणी धूड म्हटलेलं ऐकलं नाही मी.

फोरमन : बरं बाई, घेतले शब्द मागे. पण दुरुस्तीला कधी बंद करता ते?

बायको : तेवढ्यासाठी नाही बंद करत. एखादा भाग कुरकुरायला लागला की ते स्वतःच सांगतं. मग चालू असतानाच तो भाग काढायचा आणि नवा बसवायचा. परवा तुम्ही पेट्रोल भरून कार्ड दिलंत ना? ते पैसे याच मशीनने वळते केले, आणि त्या वेळी त्याला वीज पुरवणारा एक अख्खा भाग बाहेर काढून ठेवला होता आम्ही.

फोरमन : म्हणजे चालत्या गाडीचं चाक बदलता?

बायको : हो.

फोरमन : गाडी न थांबवता.

बायको : आत बसलेल्याचा चहा न सांडता.

फोरमन : आयुष्य गेलं माझं गॅरेजमध्ये. हे मला कोणी सांगितलं असतं तर हाकलून दिला असता त्याला. काल का नाही बोललीस हे?

बायको : बोलू कुठे दिलंत? तुमची उचलली जीभ लावली टाळ्याला.

फोरमन : हं. आणि मशीन एवढं शहाणं आहे, तर ही बटणाची पद्धत कशाला?

बायको : मशीन शहाणं आहे, माणसं चुकतात. आमच्याकडे कॉम्प्युटरचा सरावाचा एक पडदा असतो आणि खऱ्या कामाचा एक. दोन्ही दिसायला जुळ्या बहिणी. आमच्यातल्या एकाने सरावाचा समजून खऱ्यावर 'थांब' लिहिलं आणि दाबलं. मशीनने ऐकलं. भर दुपारी प्रत्येक शाखेत रांगा लागल्या. तेव्हापासून लिहायचं एकाने आणि दाबायचं दुसऱ्याने. दुसऱ्याने आधी ते मोठ्याने वाचायचं. मग विचारायचं, परतीची वाट कुठे आहे?

फोरमन : कसली वाट?

बायको : काही बिघडलं तर जिथून निघालो तिथे परत कसं यायचं. लिहिणाऱ्याला ते सांगता आलं नाही, तर दाबायचं नाही. मग समोर कितीही मोठा साहेब असो.

फोरमन : चष्मा दे माझा. वाचतो. 'मी स्वेच्छानिवृत्ती स्वीकारत आहे. माझ्या जागेसाठी शिकत असलेल्या दोघींचं शिक्षण अर्धवट राहिलं आहे. याचं मला दुःख आहे.' राजीनाम्यात दुःख लिहितात का कोणी?

बायको : पुसू का?

फोरमन : खरं आहे?

बायको : खरं आहे म्हणून तर लिहिलं. दोघी हुशार आहेत, पण अजून पडदा न बघता हात चालवतात. मला अजून थोडं थांबायला हवं होतं.

फोरमन : मग जातेस कशाला?

बायको : तुम्ही घरी एकटे असता. आणि जिथे जाते तिथे लोक हसतात. 'अजून जिवंत आहे का ते मशीन?' मी कंटाळले हो. काल वाटलं, घरचंच माणूस तसं म्हणतंय तर कोणासाठी भांडायचं?

फोरमन : वाचून झालं. आता विचारतो. परतीची वाट कुठे आहे?

बायको : याला नाही. एकदा गेलं की गेलं.

फोरमन : मग मी दाबत नाही.

बायको : अहो, तुम्हालाच हवं होतं ना?

फोरमन : अजूनही हवंय. संध्याकाळी तू घरी असावीस असं रोज वाटतं. पण नियम तुमचा आहे, आणि चांगला आहे. पूस ते आणि त्या साहेबाला लिही, 'दोघी शिकून तयार झाल्या की मी स्वतः येऊन निवृत्ती मागेन.' ते वाचून दाबतो. तोवर भिंतींशी माझं बरं जमतं.

बायको : लिहिते. तुम्ही कुठे निघालात?

फोरमन : फोन शोधतोय. भाच्याला लावतो. काल जे बोललो, त्याला परतीची वाट आहे का बघतो.

बायको : लावा. पण मोठ्याने बोला. मी ऐकते.