नातीची दोरी आणि पिवळे गोल

शनिवार. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. कझाकस्तानातलं शिमकेंत, आमच्या घराचं मागचं अंगण. नववा गोल! तुम्हाला सांगतो, काल दुपारपर्यंत तिथे कोवळं गवत होतं, माझ्या हातानं पेरलेलं, आणि सकाळी बघतो तर परातीएवढा पिवळाजर्द गोल, जणू कुणीतरी बसून आखलाय... आता याला रोग म्हणू की खोडसाळपणा?

आणि तीन आठवड्यांवर नातीचा समारंभ! तोमिरिस धरून धरून उभी राहायला लागली. अशा पोराच्या पायांना दोरी बांधायची, चटपट चालीच्या बाईनं ती कापायची, की पोर सुटलं चालायला! लोक बाजारातून सुताची दोरी आणतात. आमच्या घरात ती अंगणातल्या हिरव्या गवताची वळतात. माझ्यासाठी वडिलांनी वळली, मुलासाठी मी वळली, आणि नातीच्या वेळी... गवत पिवळं! वळून बघितली हो एक. हातात नुसता भुसा.

सगळ्यात आधी आला शेजारचा बेकेन-आगा. भिंतीपलीकडूनच ओरडत आला. "झाक्सिलिक, अरे ते तहानलंय! आपल्या पाळीला पाटाचं पाणी सोड आणि निवांत बस." माझी पाळी दुपारी एकची. सोडलं! भर उन्हात घोटाभर चिखल, शेजारची बदकं मुक्कामाला, आणि गवत पिवळं!

मग सापारगली. निवृत्त कृषी अधिकारी, बोलणं अजून कचेरीतलं. चिमूटभर माती नाकाशी धरली, डोळे मिटले. "बुरशी. निःसंशय बुरशी. राख पसरा." पसरली. कुल्याशनं, म्हणजे आमच्या बायकोनं, वाळत घातलेल्या चादरी काळ्या झाल्या, तिनं माझी काय पूजा बांधली ते विचारू नका, आणि गवत? पिवळं! मेव्हणा म्हणाला, कोंबडीचं ताजं खत घाल. घातलं. एवढा वास, की बेकेन-आगानं आठ दिवस खिडकी उघडली नाही. एवढाच काय तो फायदा!

बरं, सल्ला द्यायला घरी आलेल्या माणसाला उपाशी पाठवू? मी काय माणसांत नाही? प्रत्येक वेळी मटण-भात. अंगणातल्या चुलीवर कझान, म्हणजे आमची मोठी कढई, चढायची, बिडाची, चपट्या बुडाची, कुल्याशच्या माहेरची. भात झाला की ती मी स्वतः उचलून पाहुण्यापुढे नेणार, झाकण त्याच्या डोळ्यांदेखत उघडणार, वाफ त्याच्या तोंडावर गेलीच पाहिजे! पाहुणा "वा!" म्हणायचा, पोटभर जेवायचा, नवा उपाय सांगायचा... आणि दुसऱ्या दिवशी गवत पिवळं!

तर त्या शनिवारी मी नवव्या गोलापाशी उभा राहून गरजलो. तीस वर्षं रेल्वेत तिकीट तपासनीस होतो. चेहरा बघून चोर ओळखतो. "कोण आहे तो? पुढे या!"

पुढे आली आमची सून. मेरुएर्त. कडेवर तोमिरिस. सासऱ्याला, म्हणजे मला, ती अता म्हणते.

"अता, रागावणार नसाल तर एक विचारू? सल्ला द्यायला आतापर्यंत किती जण आले?"

"आठ. आणि त्याआधी एक पाहुणा नुसताच जेवून गेला, तो धरून नऊ."

"आणि गोल?"

मी बोटं मोजायला लागलो. तिनं पोरीला माझ्याकडे दिलं, थंड कझान उचलून आणली आणि त्या गोलावर ठेवली. तुम्हाला सांगतो... बोटभरही फरक नाही! दुसऱ्यावर ठेवली, तिसऱ्यावर ठेवली. कुल्याश तर हसून हसून पायरीवरच बसली. "अरे म्हाताऱ्या, जन्मभर लोकांची तिकिटं तपासलीस, एकदा स्वतःचं बघ की!"

तापलेली कझान दर वेळी मीच गवतावर टेकवत होतो! रोगी बघायला वैद्य यायचा, आणि मी वैद्याच्या पाहुणचारात रोग्याला चटके द्यायचो!

पण मग लागलो बरं का कामाला. जळलेलं गवत खरवडलं, माती खुरप्यानं सैल केली, चाळलेली माती आणि जुनं, कुजलेलं शेणखत घातलं, बी पेरलं, वर गोणपाट. पाणी पहाटे, झारीनं, बेताचं. चुलीशेजारी विटांचा ओटा रचला: कझान इथेच उतरेल, पाहुणा राजा असला तरी! नवव्या दिवशी गोणपाट उचललं तर केसाएवढी पाती... हिरवी! मी कुल्याशला हाक मारली. ती आली, वाकली, बोट लावून बघितलं, आणि पहिल्यांदाच काही टोमणा न मारता गेली.

समारंभाला, पहाटेच्या पाण्यानं पुन्हा हिरव्या झालेल्या भिंतीकडेच्या लांब गवताची दोरी वळली. तुटली नाही! मेरुएर्तच्या मावशीनं कापली आणि तोमिरिस निघाली, एक पाऊल, दोन, बदकन बसली, उठली, परत निघाली. मी पुढे हात पसरून उलटा चालतोय, डोळ्यांत पाणी, चाळीस पाहुणे टाळ्या वाजवतायत...

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात गेलो. भर मध्यावर, दहावा गोल.

आधीचे नऊ माझे. कबूल! पण काल मी कझानीला हातसुद्धा लावला नव्हता. बेकेन-आगा म्हणतो, मी नाही. सापारगली म्हणतो, बुरशी. बाकीच्या अडतीस जणांना विचारून झालं... भात सगळ्यांनी खाल्लाय, कझान कुणीच उतरवलेली नाही.